डाव कोणाचा मोडायचा?

२००२ साली जेरियन अलेक्झांडर आणि मेलिसा हाइन्स या दोघी संशोधकांनी व्हर्वेट जातीच्या माकडांसमोर एकेक करून सहा खेळणी ठेवली. पोलिसांची गाडी, चेंडू, बाहुली, स्वयंपाकाचं भांडं, चित्रांचं पुस्तक आणि कापडी कुत्रा. नर माकडं गाडी आणि चेंडूशी जास्त रमली, माद्या बाहुली आणि भांड्याशी. पुस्तक आणि कुत्र्याकडे दोघांचं लक्ष सारखंच गेलं. तेव्हापासून हा प्रयोग जगभर सांगितला जातो. बघा, माकडांनासुद्धा कळतं, तुम्ही कशाला उगाच निसर्गाशी भांडता, असा त्यातला सूर असतो.

मला मात्र त्यातलं ते भांडं सोडवत नाही. कुठल्या माकडिणीनं आजवर फोडणी दिली आहे? भांडं बायकांचं ही गोष्ट माकडांच्या जगात आली कुठून? ती माणसांनी प्रयोगाआधीच ठरवली होती, आणि यादीत त्या रकान्यात भांडं लिहिलं होतं. माद्या त्या भांड्याकडे वळल्या असतील तर त्याच्या लाल रंगामुळे वळल्या असतील, अशी एक शक्यता खुद्द संशोधकांनीच मांडली होती. पुढे २००८ साली रीसस माकडांवर असाच एक प्रयोग झाला. त्यात एका बाजूला चाकांची खेळणी होती, दुसऱ्या बाजूला मऊ, कापडी. नरांनी चाकांची बाजू ठामपणे उचलली. माद्यांनी तसा कौल दिलाच नाही, त्या दोन्हींशी खेळल्या.

शरीराचा काहीच ओढा नसतो असं मी म्हणणार नाही. गर्भात असताना पुरुषी संप्रेरकांचा मारा जास्त झालेल्या मुलींना गाड्या आणि ठोकळ्यांची आवड इतर मुलींपेक्षा जास्त असते, असं अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. ते खोटं ठरवायची मला गरजही वाटत नाही. माझा प्रश्न साधा आहे. जे आपोआप होणारच आहे, त्यासाठी एवढा बंदोबस्त कशाला? खेळण्यांच्या दुकानात शिरलं की काउंटरवरचा माणूस वय विचारायच्याही आधी ‘मुलगा का मुलगी?’ विचारतो. पाळण्यावरच्या चिमण्या, खुळखुळा, पांगुळगाडा इथपर्यंत हा प्रश्न फारसा नडत नाही. मूल उंबरा ओलांडायला लागलं की नडायला लागतो. आणि माझ्या मते त्या प्रश्नातून मुलं गाडी कोणाची आणि बाहुली कोणाची एवढंच शिकत नाहीत. कोणतं काम भारी आणि कोणतं हलकं, आणि कोणाचा वेळ कधीही मोडला तरी चालतो, हे शिकतात. रंग आणि खोके हा त्यातला वरवरचा भाग झाला.

भातुकलीपासूनच सुरुवात करू. पुण्याच्या तुळशीबागेत अजूनही पितळेची भातुकली मिळते. तिच्यातला पाटा-वरवंटा, जातं, बंब, झारा, सोऱ्या, पोळपाट-लाटणं तळहातावर मावेल एवढं असतं. कारागिरी अशी की घडवणाऱ्याचा हेवा वाटावा. सावंतवाडीच्या चितारआळीत तीच लाकडाची आणि रंगवलेली. शेजारी प्लॅस्टिकचा संच टांगलेला असतो, त्यात दोन शेगड्यांचा गॅस, मिक्सर, फ्रीज, कुकर. म्हणजे घरातली चूल गेली तशी भातुकलीतलीही गेली, पाट्याची जागा मिक्सरनं घेतली. खेळण्याचा धंदा घरातला प्रत्येक बदल टिपतो. खोक्यावर छापलेली मुलगी तेवढी बदलली नाही. गॅस आला, तरी त्याच्यापुढे तीच.

मुलगे भातुकली खेळतच नाहीत असं नाही, तीनचार वर्षांचे मुलगे हौसेनं खेळतात. त्यांना काय काम मिळतं ते बघण्यासारखं असतं. आमच्या जिन्याच्या चौकात सुट्टीत हा संसार मांडला जातो. चटईवर प्लॅस्टिकची शेगडी, ताटलीत चुरमुरे आणि गुळाचा खडा, बाटलीच्या झाकणात पाण्याचा चहा. पाच वर्षांचा बाबा ‘मी ऑफिसला चाललो’ म्हणून खाली पार्किंगमध्ये जातो, कोणाच्या तरी स्कूटरवर दोन मिनिटं बसतो आणि वर येऊन ‘चहा झाला का?’ विचारतो. झालेला असतो. त्याला ही भूमिका कोणी शिकवलेली नाही आणि ती चुकलेलीही नाही, कारण त्यानं घरात जे पाहिलं तेच तो करतो. तो नाटकात नसतानाही त्याची भूमिका चालूच असते. चहा करणाऱ्या मुलीला मात्र रंगमंच सोडून जाताच येत नाही, कारण शेगडी तिच्याकडे आहे.

दिवाळीत हेच जरा मोठ्या प्रमाणावर दिसतं. किल्ला हा मराठी मुलांचा सगळ्यात सुंदर खेळ आहे असं मी कोणाशीही पैजेवर म्हणेन. दगड-विटा रचायच्या, त्यावर पोतं टाकून माती लिंपायची, बुरूज आणि दरवाजे काढायचे, पायथ्याशी ताटलीचं तळं, उतारावर अळीव पेरून त्याला रोज पाणी शिंपडायचं. मग बाजारातून चित्रं आणायची. सिंहासनावरचे महाराज, मावळे, तोफा, वाघ आणि डोक्यावर घडा घेतलेली गवळण. यात भूगोल आहे, स्थापत्य आहे, इतिहास आहे, भांडणं आहेत. हात कोपरापर्यंत चिखलात असतात आणि कोणी रागावत नाही. किल्ला करणारे हात अजूनही बहुतेक मुलग्यांचे असतात. त्याच अंगणात पहाटे मुलगी रांगोळी काढत असते. ठिपके मोजणं, ते जोडणं, दोन्ही बाजू जुळवणं ही भूमितीच आहे, आणि ओणव्यानं तास-दीड तास काम करणं सोपंही नाही. कौशल्यात कोण कमी आणि कोण जास्त हे ठरवणं अवघड जाईल.

फरक दुसरीकडे आहे. किल्ला भाऊबीजेपर्यंत राहतो, आणि कित्येक ठिकाणी तुळशीच्या लग्नापर्यंतही. शेजारीपाजारी बघायला येतात, मुलगा गडाची माहिती सांगतो. रांगोळी दुसऱ्या दिवशी पहाटे झाडून टाकायची असते आणि तिथेच पुन्हा काढायची असते. केलं, पुसलं, परत केलं. घरकाम नेमकं असंच असतं. पोळ्या केल्या की संपतात, भांडी घासली की खरकटी होतात, आणि केलेलं दाखवायला काही उरत नाही. एकाला आपल्या श्रमाची खूण मागे ठेवायची सवय लागते, दुसरीला खूण पुसून नव्यानं सुरुवात करायची. मंडळं किल्ल्यांच्या स्पर्धा घेतात तशा रांगोळीच्याही घेतात, हे मला माहीत आहे. पण किल्ला स्पर्धेत नसला तरी तो चार दिवस टिकतोच, रांगोळी टिकायला स्पर्धाच लागते.

खेळ मोडण्याबद्दलही असंच. सागरगोटे, काचापाणी, बिट्ट्या, दोरीच्या उड्या हे मुलींचे म्हणून ओळखले जाणारे खेळ नीट पाहिले तर त्यांची एक सोय लक्षात येते. ते कुठेही मांडता येतात आणि कधीही आवरता येतात. सागरगोटे उंबऱ्याशी बसून खेळता येतात, हाक आली की मुठीत घेऊन उठता येतं, धाकट्याला मांडीवर घेऊनसुद्धा एका हातानं डाव चालू ठेवता येतो. डोळा आणि हात यांचा मेळ गोट्यांत लागतो त्याहून तसूभर कमी लागत नाही. पण विटीदांडूला किंवा क्रिकेटला मैदान लागतं, गडी लागतात आणि सलग दोन तास लागतात. मुलगा ‘शेवटची ओव्हर’ म्हणून ओरडला की आई गॅलरीतून पुन्हा आत जाते. तो शब्द घराघरांत मानला जातो. ‘शेवटचा सागरगोटा’ असं कोणी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही, आणि कोणी म्हणालंच तर काय उत्तर मिळेल हे आपल्याला ठाऊक आहे.

भोंडल्याला, मंगळागौरीला मुलींना मोकळं खेळता येतं, असं यावर सांगितलं जाईल. येतं, आणि ते फार मोलाचंही होतं. पण त्या मोकळेपणाला पंचांग होतं. हस्त नक्षत्र आलं की हादग्याचं अंगण, श्रावण आला की नव्या नवरीला जागरणाची एक रात्र, तीही लग्नानंतरची पहिली काही वर्षं. आठ वर्षांची पोर फेर धरून सासू-नणंदेची गाणी म्हणते. त्याच वयाच्या मुलग्याच्या खेळात त्याच्या सासरच्या माणसांचा उल्लेख कधी येत नाही. त्याला खेळायला श्रावणाची वाट बघावी लागत नाही.

हे सगळं जुनं झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली केलेली वेळेच्या वापराची पाहणी बघावी. ती सहा वर्षांच्या पुढच्या सगळ्यांची आहे, म्हणजे भातुकलीच्या वयाची मुलंही तिच्यात आली. कोणत्याही एका दिवशी घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका-मुली ८१.२ टक्के, पुरुष-मुलगे २६.१ टक्के. जे करतात त्यांचा दिवसाचा वेळ बायकांचा सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. पाच वर्षांनी पुन्हा अशीच पाहणी झाली, चित्र फारसं हललं नाही. ही दरी बाहुलीमुळे पडली असं म्हणणं हास्यास्पद होईल. पण ज्या वयात ‘शेवटची ओव्हर’ ऐकून घेतली जाते आणि सागरगोटे उचलायला लावले जातात, त्याच वयात दोघांनाही आपापल्या मिनिटांची किंमत कळते.

आता गेल्या काही वर्षांत एक गोष्ट खरोखर बदलली आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या मैदानावर भारताच्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाची गोष्ट आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. भाऊ क्रिकेट खेळायचा, त्याचं बघून ही खेळायला लागली आणि नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात पोचली. नागपूरच्या दिव्या देशमुखनं त्याच वर्षी जुलैमध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक घेतला. त्याच्या अर्धशतक आधी मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी पटावर राज्य केलं होतं. त्यांतली रोहिणी १९७६ साली तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा वाद झाला आणि तो जागतिक बुद्धिबळ महासंघापर्यंत गेला. आज मुलीच्या हातात बॅट दिली तर वाद होत नाही, फोटो काढले जातात. बाप अभिमानानं सांगतो, ‘आमची मुलगी मुलासारखी आहे.’

याच वाक्याचा उलटा प्रयोग करून बघा. ‘आमचा मुलगा अगदी मुलीसारखा आहे’ असं कोणता बाप पाहुण्यांसमोर सांगेल? मुलगी मुलग्यांच्या खेळात गेली की बढती समजली जाते, मुलगा मुलींच्या खेळात आला की घसरण. लेगो कंपनीनं २०२१ साली सात देशांत करून घेतलेल्या पाहणीत हेच आकड्यांत उतरलं. दुसऱ्या बाजूचं खेळणं घेतलं तर लोक हसतील, अशी भीती ४२ टक्के मुलींना वाटत होती आणि ७१ टक्के मुलग्यांना. हीच कंपनी १९७४ च्या सुमारास खोक्यात पालकांसाठी एक चिठ्ठी घालायची. काहीतरी घडवायची ओढ मुलगा-मुलगी दोघांत सारखीच असते, ज्याला जे करावंसं वाटेल ते करू द्या, कित्येक मुलग्यांना बाहुलीचं घर आवडतं आणि कित्येक मुलींना अंतराळयान, असा त्यातला मजकूर होता. २०१२ साली तिनंच मुलींसाठी फिकट रंगांचे वेगळे ठोकळे काढले, त्यात ब्यूटी पार्लर आणि कॅफे. मग टीका झाली, मग पाहणी झाली. काळ पुढे जातो तसे विचार आपोआप सुधारतात ही समजूत मला म्हणूनच कधी पटली नाही. बाजाराला एकाच घरात दोन खोकी विकता आली तर एक कशाला विकेल? ताईची लाल सायकल भावाला चालते, गुलाबी चालत नाही आणि दुसरी घ्यावी लागते.

मुलग्यांची ही भीती काही अमेरिकेतून आलेली नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यातली पहिलीच रात्र सावित्रीव्रताची आहे. आई आजारी, वडाला प्रदक्षिणा घालायचं तिच्यात त्राण नाही, म्हणून ती श्यामला आपल्या वतीनं जायला सांगते. श्यामला लाज वाटते. मुलं हसतील, बायकांत मिसळतो म्हणून चिडवतील. आईवर जीव टाकणारा हा मुलगा, पण वडाशी जायचं म्हटल्यावर त्याचा पाय अडतो. आई त्याची समजूत घालते आणि तो जातो. हे पुस्तक घराघरांत वाचलं गेलं, त्यावर रडलं गेलं. श्यामला लाज का वाटली, ती त्याच्या मनात घातली कोणी, याची चर्चा मात्र आईच्या थोरवीपुढे मागे पडली.

मुलग्यांना काळजी घेणं जमत नाही, ते त्यांच्या रक्तात नाही, असं म्हणणाऱ्यांना मी विदर्भात पाठवेन. तिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडाचे चाकं लावलेले बैल पोरं सजवतात, शिंगं रंगवतात, गळ्यात माळा घालतात, दोरीनं ओढत घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. मुळात हा मुलग्यांचा सण, आता मुलीही असतात. या खेळातून पोरगा काय शिकतो? एका जिवाला न्हाऊ-माखू घालायचं, सजवायचं, त्याला पुरणपोळीचा घास द्यायचा, त्याच्या श्रमाबद्दल त्याला मान द्यायचा. संगोपन दुसरं काय असतं? बाहुलीला अंगडं घालणारा मुलगा आपल्याला खटकतो आणि बैलाला झूल घालणारा खटकत नाही. बैल म्हणजे शेत, शेत म्हणजे इस्टेट आणि इस्टेट बापाच्या नावावर.

स्वयंपाकाचंही तेच. ‘मुलग्याला भातुकली दिली तर तो काय आचारी होणार आहे?’ असं एका गृहस्थांनी मला हसत विचारलं होतं. त्यांच्या मुलीच्या लग्नात शंभर किलोचा भात ज्यांनी शिजवला ते सगळे पुरुष होते. हॉटेलच्या भट्टीवर, मठात, वसतिगृहात, टीव्हीवर बघाल तिथे पुरुष रांधतात. पातेलं मोठं झालं आणि त्याचे पैसे मिळायला लागले की स्वयंपाक पुरुषांचा होतो. बायकांकडे उरतो तो रोजचा, बिनपैशाचा आणि चार माणसांचा.

हा सगळा वाद खेळणी विकत घेऊ शकणाऱ्या घरांतला आहे, हेही इथे नोंदवायला हवं. बीडकडची जोडपी दिवाळीच्या आसपास कोयत्यावर निघतात आणि पाच-सहा महिने उसाच्या फडांजवळ कोपी टाकून राहतात. आईबाप पहाटे तोडीला गेले की आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीत धाकट्याला सांभाळते. तिला बाहुली द्यावी की ट्रक हा प्रश्न तिथे येतच नाही, कारण तिच्या कडेवरची बाहुली रडते, तिला ताप येतो, तिला भूक लागते. शहरातल्या मुलीला खेळ म्हणून ज्याची तालीम दिली जाते, त्याचा प्रयोग तिच्या वाट्याला थेट आलेला असतो. तिला आधी शाळा पाहिजे, आणि धाकट्याला पाळणाघर.

उपाय म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेक खोक्यांपाशीच थांबतं. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२४ पासून मोठ्या दुकानांना मुलामुलींचा भेद न केलेला खेळण्यांचा एक विभाग ठेवावा लागतो, नाहीतर दंड. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आईबाबा दोघं मिळून पालेभाजी निवडताहेत असं चित्र छापलं, बाई वाहतूक पोलीस दाखवली. दोन्ही गोष्टी मला आवडल्या. विशेषतः ती पालेभाजी, कारण त्या चित्रात बाबांनी भारी काम स्वतःकडे ठेवून हलकं काम आईवर ढकललेलं नाही. पण पुस्तक मिटून मुलगा घरात पाहतो तेव्हा जुडी कोणापुढे असते, यावर त्या चित्राचं भवितव्य ठरतं. मुलीला डॉक्टरचा संच आणून देणारी, तिच्या खोलीला निळा रंग देणारी सुशिक्षित घरं मला माहीत आहेत. तिथेही मुलग्याला कोणी भातुकली आणून दिलेली मी पाहिलेली नाही. मुलीच्या कपाटात दोन्ही प्रकार आले आणि मुलग्याच्या कपाटात एकच राहिला. समतेच्या नावाखाली तिचं काम वाढलं, त्याचं तेवढंच राहिलं. मोठेपणी नोकरी करून घरी येऊन पुन्हा कणीक भिजवणाऱ्या बाईचा हिशोब वेगळा नसतो.

म्हणून मुलग्याला बाहुली द्यावी का, या प्रश्नापेक्षा मला दुसरा प्रश्न जास्त कामाचा वाटतो. रविवारी संध्याकाळी बेल वाजते, पाहुणे येतात. मुलगा आतल्या खोलीत लेगोचं विमान जोडत बसलेला असतो, मुलगी त्याच्या शेजारी चित्र रंगवत असते. दोघांचंही काम अर्ध्यावर आहे. स्वयंपाकघरातून हाक येते, ‘जरा पाणी आण गं.’ त्या ‘गं’च्या जागी आठवड्यातून निम्म्या वेळा ‘रे’ यायला कुठलं खेळणं विकत आणावं लागत नाही, आणि तरी ते गुलाबी ट्रक आणण्याहून अवघड जातं. मुलगा पहिल्यांदा ‘थांब, हे एवढं जोडून होऊ दे’ म्हणेल. म्हणू दे. तसं म्हणायची मुभा बहिणीलाही आहे का, हे त्याच वेळी त्याच घरात ठरत असतं.